सुईच्या नाकातून उंट : जेरुसलेममध्ये खरंच तसं दार होतं का?

अबोली

नमस्कार मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून विचारतेय, कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बायबलमधलं येशूचं ते प्रसिद्ध वाक्य सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, की श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं आहे. मी लहानपणापासून याचा एकच अर्थ ऐकत आले, तो असा की जेरुसलेमच्या तटबंदीत एक छोटं दार होतं, त्याला 'सुईचं नाक' म्हणायचे, रात्री मोठी वेस बंद झाली की उशिरा आलेल्या व्यापाऱ्याला त्या छोट्या दारातून आत यावं लागायचं आणि त्यासाठी उंटाच्या पाठीवरचं सगळं ओझं उतरवून उंटाला गुडघ्यांवर टेकवून आत घ्यावं लागायचं. म्हणजे श्रीमंताने ओझं उतरवलं आणि नम्र झाला तर त्यालाही आत जाता येतं, असा त्याचा बोध.

मला ही गोष्ट इतकी आवडायची की आमच्या एका छोट्या वाचन गटात मी ती स्वतः सांगितली, अगदी रंगवून. सगळ्यांना आवडली. पण शेवटी एका आजींनी शांतपणे विचारलं की अगं, हे दाराचं कुठे लिहिलंय? आणि मला उत्तर देता येईना. घरी येऊन शोधलं तर बायबलमध्ये त्या दाराचा कुठेच उल्लेख नाही. वर कुणीतरी लिहिलेलं वाचलं की मूळ शब्द 'उंट' नसून 'दोरखंड' आहे आणि भाषांतरात घोळ झाला, त्यामुळे मी आणखीच कन्फ्यूज झाले.

तर दार होतं का, उंट होता की दोर होता, आणि मुळात त्या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? चुकीचं काही सांगितलं असेल तर मला ते त्या गटात जाऊन दुरुस्त करायचंय, म्हणून विचारतेय.

जुनी_वही

अबोलीताई, आजींचा प्रश्न अगदी नेमका आहे. दाराचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. तसं दार असल्याचा पुरावा नाही. उत्खननात नाही, त्या काळच्या कुठल्या लेखकाकडे नाही, आणि सुरुवातीच्या शतकांत ज्या ख्रिस्ती आचार्यांनी या वाक्यावर पानंच्या पानं लिहिली त्यांच्याकडेही दाराचं नाव नाही. ही गोष्ट लेखी सापडते ती मध्ययुगात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने शुभवर्तमानांवरच्या (म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांवरच्या) जुन्या टिपा एकत्र केल्या, त्यात मत्तयाच्या १९व्या अध्यायाखाली एक टीप आहे की जेरुसलेममध्ये 'सुईचं नाक' नावाचं एक दार होतं आणि ओझं उतरवून गुडघे टेकल्याशिवाय उंटाला त्यातून जाता यायचं नाही. म्हणजे तुम्ही ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी. ती टीप अँसेल्म नावाच्या आधीच्या ख्रिस्ती आचार्यांच्या नावावर दिलेली आहे, म्हणजे तिथून मागे गेलं तरी फार तर अकरावं-बारावं शतक. आणि रोमन सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं इसवी सन ७० मध्ये. मधे हजार वर्षं गेली की हो.

आता लोक म्हणतात की आम्ही स्वतः पाहून आलोय. तेही खोटं बोलत नसतात. जेरुसलेमच्या जुन्या शहरात अलेक्झांडर नेव्स्की नावाचं रशियन चर्च आहे, तिथे जुन्या भिंतीत एक अरुंद भोक दाखवतात आणि हेच ते सुईचं नाक असं सांगतात, माणूस अंग चोरून कसाबसा त्यातून जातो. शिवाय जुन्या शहराच्या मोठ्या दरवाजांत आपल्या दिंडी दरवाजासारखी छोटी दारं असतात, ती पाहिली की गोष्ट पटकन खरी वाटते. पण आज जी तटबंदी दिसते ती बरीचशी ऑटोमन सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात, १५४१ च्या सुमारास पूर्ण केलेली, तिच्या दारावरून येशूच्या काळातलं काही सिद्ध करता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र भाषेतला आहे, तो नीट बघा. हे वाक्य तीन शुभवर्तमानांत येतं, मार्क १०:२५, मत्तय १९:२४ आणि लूक १८:२५. तिन्ही ग्रीकमध्ये लिहिलेली. सुईच्या भोकासाठी मार्क 'त्रुमालिया' हा शब्द वापरतो, मत्तय 'त्रुपेमा' आणि लूक 'त्रेमा'. सुईसाठी मार्क आणि मत्तय 'ऱ्हाफिस' म्हणतात, लूक 'बेलोने' म्हणतो. आता 'सुईचं नाक' हे जर एखाद्या दाराचं ठरलेलं नाव असतं तर तिघांनी तीन वेगवेगळे शब्द का वापरले असते? दिल्ली दरवाजाला कुणी दिल्लीचं कवाड आणि कुणी दिल्लीची फळी असं लिहीत नाही ना, विशेषनाम असलं की ते तसंच राहतं. इथे शब्द बदलतायत कारण तिघंही साध्या, कपडे शिवायच्या सुईबद्दल बोलतायत.

आणि व्यवहाराचा विचार करा. उंट गुडघे टेकून खाली बसतो ते ओझं चढवायला-उतरवायला. चार-पाचशे किलोचं जनावर गुडघ्यांवर रांगवत छोट्या दारातून आत नेण्याचा खटाटोप कोण करेल, बाहेर बांधून ठेवेल आणि सकाळी आत आणेल.

रेशीमगाठ

दाराचं पटलं. पण मला दोरखंडाचा मुद्दा इतक्या सहज सोडावासा वाटत नाही, आणि मी हे पुस्तक वाचून नाही तर हाताला आलेल्या अनुभवाने सांगतेय. माझं सगळं आयुष्य शिवणावर गेलंय. सुईत ओवायचा तो धागा. धाग्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, दोन बोटांत पिळून टोकदार करायचं, सुई उजेडाकडे धरायची, आणि तरीही एखादा तंतू बाहेर फाटतो आणि सगळा धागा अडतो, मग टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. जाड दोरा असेल तर नेढ्यापाशी येऊन फुगतो आणि कितीही जोर लावला तरी आत जात नाही. त्यामुळे जेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं की तिथे उंट नसून जहाजाचा दोर होता, तेव्हा मला वाटलं की हो, असंच असणार, सुई म्हटल्यावर माणसाला धागा आठवतो आणि धाग्यावरून दोर आठवतो, उंट कुठून आठवेल? शिवाय येशूने ज्या शिष्यांना हे सांगितलं त्यांच्यातले काही मासे धरणारे होते, पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान, त्यांच्या हातात रोज दोर आणि जाळी असायची.

आणि यातून अर्थही सुंदर निघतो असं मला वाटतं. मी एकदा करून पाहिलं होतं. सुतळी सुईतून जात नाही. पण तीच सुतळी उलटी पिळून उसवली, एकेक पदर सुटा केला, त्या पदरातलाही एकेक तंतू वेगळा केला, तर तो तंतू जातो. वेळ लागतो पण अख्खी सुतळी तंतू-तंतू करून पलीकडे नेता येते. श्रीमंताने आपली संपत्ती अशी सोडवत, वाटत गेलं तर तोही जाईल, असं मला त्यातून वाटलं होतं. चूक असेल तर सांगा, पण मन तिथे रमतं खरं.

तळटीप

रेशीमगाठ, तुम्ही सुतळीचं जे लिहिलंय ते वाचून मी खरंच थोडा वेळ थांबलो, फार सुंदर आहे. आणि तुम्ही एकट्या नाही, हा विचार पंधराशे वर्षांपेक्षा जुना आहे. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल (मृत्यू ४४४) यांनी म्हटलं होतं की इथे जनावर नाही, खलाशी वापरतात तो जाड दोर घ्यायचा. अलेक्झांड्रिया म्हणजे मोठं बंदर, तिथल्या माणसाला दोर सुचावा हे साहजिकच आहे.

घोळ कुठे होतो ते सांगतो. ग्रीकमध्ये उंट म्हणजे 'कामेलोस' आणि दोर म्हणजे 'कामिलोस', फरक फक्त मधल्या एका स्वराचा. सुरुवातीला ते दोन स्वर वेगळे ऐकू यायचे, पण पुढे ग्रीक उच्चार बदलत गेले आणि दोन्हींचा उच्चार 'ई' असाच व्हायला लागला, त्यामुळे कुणी मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्याने ऐकून लिहिलं तर उंट की दोर हे कानाला कळणारच नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ होतात तसंच समजा, 'दिन' आणि 'दीन' ऐकायला जवळजवळ सारखेच, अर्थ मात्र कुठल्या कुठे.

पण म्हणून दोर मूळचा ठरत नाही, आणि त्याला कारणं आहेत. एक तर सगळ्यात जुनी आणि भरवशाची हस्तलिखितं 'कामेलोस', म्हणजे उंट, असंच म्हणतात, दोरवाला पाठ मोजक्याच आणि बऱ्याच नंतरच्या प्रतींमध्ये येतो. दुसरं म्हणजे 'कामिलोस' हा शब्दच फार विरळा आहे, तो सापडतो तो दहाव्या शतकातल्या 'सूदा' नावाच्या कोशात आणि जुन्या नाटकांवरच्या टिपांमध्ये, इतका विरळा की काही कोशकारांना शंका येते की हे वाक्य सोपं करायलाच तो घडवला असावा. आणि तिसरं साधं लॉजिक आहे. नकलून घेणाऱ्याच्या समोर अवघड शब्द असेल तर तो सोपा करायचा मोह होतो, सोपं वाक्य अवघड करायला कुणी जात नाही. उंटाचा दोर करावासा वाटणं समजू शकतं, दोराचा उंट कोण करेल?

आणि तुमचा प्रश्न, की सुईवरून उंट कुठून आठवेल, त्याला मला वाटतं सगळ्यात छान उत्तर ज्यू परंपरेतच आहे. बॅबिलोनच्या तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, याच्या जोडीचं बोलणं दोन ठिकाणी येतं, फक्त तिथे उंटाच्या जागी हत्ती आहे. बेराखोत या भागात स्वप्नांबद्दल चर्चा चाललीय, तिथे म्हटलंय की माणसाला स्वप्नात त्याच्या मनातलंच दिसतं, म्हणून तर कुणाला सोन्याचं खजुराचं झाड दिसत नाही की सुईच्या नाकातून जाणारा हत्ती दिसत नाही. दुसरीकडे, बावा मेत्सियामध्ये, एक गुरू दुसऱ्याला चिडून म्हणतो की तू पुम्बेदिथाचा आहेस की काय, जिथले लोक सुईच्या नाकातून हत्ती काढतात! पुम्बेदिथा हे बॅबिलोनियातलं गाव, तिथे ज्यूंचं मोठं विद्यापीठ होतं आणि तिथले विद्वान शब्दाचा कीस काढण्यात पटाईत. तालमूद येशूच्या नंतरचा आहे हे खरं, पण बोलण्याची तऱ्हा तीच आहे. बॅबिलोनकडे, पर्शियाच्या राज्यात, हत्ती ठाऊक होता, म्हणून तिथे हत्ती. गालील आणि यहूदियात, म्हणजे येशूच्या मुलखात, रोज दिसणारं सगळ्यात मोठं जनावर उंट, म्हणून इथे उंट. सगळ्यात लहान भोक आणि सगळ्यात मोठं जनावर, एवढीच त्या म्हणीची जोडणी आहे, त्यात धाग्याची गरजच नाही.

गंमतीशीर नाही म्हणणार, पण एक विलक्षण गोष्ट म्हणजे कुराणातही ही प्रतिमा आहे, सातव्या सूरेच्या (अध्यायाच्या) ४०व्या आयतीत (वचनात), की जे आयती नाकारतात ते उंट सुईच्या नाकातून जाईपर्यंत स्वर्गात जाणार नाहीत. आणि तिथेही कुराणाचे सुरुवातीचे भाष्यकार इब्न अब्बास यांच्या नावावर एक वेगळं वाचन सांगितलं जातं की 'जमल' म्हणजे उंट असं न वाचता 'जुम्मल' म्हणजे जाड दोर असं वाचावं. म्हणजे दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या धर्मग्रंथांत, माणसाला उंट बोचला आणि त्याने हात घातला तो दोरालाच. मला हे फार बोलकं वाटतं.

रेशीमगाठ

हे हत्तीचं मला अजिबात माहीत नव्हतं. ठीक आहे, उंट मान्य. सुतळी माझ्यापुरती ठेवते.

पाऊलवाट

सगळ्यांचं वाचलं, खूप शिकायला मिळालं. मला फक्त अबोलीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचंय, अर्थाबद्दल, कारण दार आणि दोर या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी चुकतात असं मला वाटतं. दोन्हींमध्ये शेवटी उंट जातो. ओझं उतरवा, गुडघे टेका, जातो. दोर उसवा, जातो. पण मार्कमध्ये पुढच्याच ओळी वाचा. शिष्य हबकून जातात आणि एकमेकांना विचारतात की मग तारण होणार तरी कुणाचं? आणि येशू त्यांच्याकडे बघून असं म्हणत नाही की अरे घाबरू नका, जरा प्रयत्न केला की जमतं. तो म्हणतो माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, देवाला सगळं शक्य आहे. आता उंट जर कसाबसा जाणार असेल तर हे 'अशक्य' कशाला जोडायचं? वाक्याचा कणाच निघून जातो. अतिशयोक्ती मुद्दाम आहे, आणि ही येशूच्या बोलण्याची पद्धतच दिसते, मत्तय २३:२४ मध्ये तो धर्मशास्त्र्यांना म्हणतो की तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता. तिथे कुणी उंटाचा दोर करायला जात नाही.

हे वाक्य ज्यावरून निघालं तो मागचा प्रसंगही नजरेसमोर आणा. एक माणूस धावत येतो, मार्क स्पष्ट लिहितो की धावत, आणि गुडघे टेकतो. म्हणजे गुडघे टेकण्याची जी अट त्या दाराच्या गोष्टीत आहे ती याने आल्या आल्या पूर्ण केलीय! देवाच्या आज्ञा लहानपणापासून पाळतोय म्हणतो, आणि येशूला त्याच्याकडे बघून प्रेम वाटतं, हे फक्त मार्क सांगतो. मग येशू म्हणतो एक गोष्ट राहिलीय, जे आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्या माणसाचा चेहरा पडतो आणि तो दुःखी होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता फार होती. तो दुष्ट नाही, गर्विष्ठसुद्धा नाही. म्हणूनच ते निघून जाणं वाचताना मला दरवेळी लागतं.

शिष्य एवढे का हबकले हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर आपल्याला वाटतं की श्रीमंतांवर टीका तर सगळेच करतात. त्यांच्या शास्त्रात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात, आज्ञा पाळणाऱ्याला पीकपाणी, गुरंढोरं, भरलेली कोठारं मिळतील असं सांगितलंय, म्हणजे संपत्ती ही देवाच्या कृपेची खूण. त्यांचा मूळपुरुष अब्राहाम श्रीमंत होता. त्याच शास्त्रातल्या ईयोबाकडे सुरुवातीला ३,००० उंट होते आणि सगळं गमावून परत मिळालं तेव्हा ६,००० झाले. उंट म्हणजेच संपत्ती! हे माझं स्वतःचं वाटणं आहे, पण उंट हा शब्द ऐकल्यावर तिथल्या माणसाच्या डोळ्यासमोर नुसतं मोठं जनावर नाही तर मालाने लादलेलं श्रीमंताचं जनावरच आलं असेल. तर ज्याच्यावर देवाची कृपा डोळ्यांनी दिसतेय तोच जर आत जाऊ शकत नसेल तर आपलं काय, असा तो प्रश्न आहे. आणि याच्या जरा आधी काय झालंय, तर लोक लहान मुलांना घेऊन आलेत आणि येशू म्हणतो देवाचं राज्य यांच्यासारख्यांचं आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही ते आत, आणि ज्याच्याकडे सगळं आहे तो बाहेर, मार्कने ते दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवलेत.

हे वाक्य पहिल्यापासूनच जड गेलंय. इसवी सन २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्याच क्लेमेंटने यावर एक अख्खं प्रवचन लिहिलं, की श्रीमंत माणूस तरेल तर कसा, कारण शहरातले श्रीमंत ख्रिस्ती हे वाक्य ऐकून निराश होत होते. त्याने सांगितलं की संपत्तीपेक्षा तिची ओढ सोडणं महत्त्वाचं. मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्या माणसाला 'ओढ सोड' असं सांगितलेलं नाही, 'विकून टाक' असं सांगितलंय. पण क्लेमेंटने निदान वाक्यातला उंट उंटच ठेवला.

अबोली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. तीन शुभवर्तमानांत तीन वेगळे शब्द, एवढी एकच गोष्ट सांगितली तरी आजींना पटेल. आणि गुडघ्यांचं वाचून तर मला स्वतःलाच कसंतरी झालं, मी इतकी वर्षं 'गुडघे टेका म्हणजे जाता येतं' असं सांगत होते आणि ज्याच्यावरून हे वाक्य निघालं तो माणूस गुडघे टेकूनच बसला होता, हे कधी लक्षातच आलं नाही. पुढच्या बैठकीत हेच आधी सांगणार आहे.

एकच राहिलं. गटात कुणीतरी नक्की विचारणार की मग एकही श्रीमंत आत गेला नाही का? बायबलमध्ये तसा कुणी आहे का, की अशक्य म्हणजे अशक्यच?

जुनी_वही

आहे, आणि लूकने तो फार लांब ठेवलेला नाही. १८व्या अध्यायात हे उंटाचं वाक्य आलं, आणि १९वा उघडला की यरीहो गावात जक्कय भेटतो. जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत, म्हणजे लोकांकडून पैसा काढूनच श्रीमंत झालेला. ठेंगणा असल्यामुळे गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली उभा राहून त्याला नावाने हाक मारतो की लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुर करतात की हा पापी माणसाच्या घरी गेला. आणि जक्कय उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

यात क्रम बघा. जक्कयला कुणी 'विक' म्हटलेलं नाही, अट घातलेली नाही, येशू आधी घरी आला आणि मग त्याचा हात सुटला. 'माणसांना अशक्य, देवाला शक्य' हे लूकमध्येही आहे, १८:२७ मध्ये, आणि मला वाटतं जक्कयची गोष्ट त्याने त्यासाठीच इथे घेतली, बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत ती नाहीच.

गटात सांगताना अजून एक दाखवता येईल. जो दुःखी झाला त्याच्याबद्दल लूक लिहितो की तो फार श्रीमंत होता, आणि जक्कयची ओळख करून देतानाही तोच शब्द वापरतो, 'प्लूसियोस', श्रीमंत. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचून दाखवा, १८:२३ आणि १९:२.